तेरेखोल ते मांडवा : टप्प्याटप्प्यांनी सायकलप्रवास

आमच्या शाळेच्या भूगोलाच्या खोलीत महाराष्ट्र व गोवा यांचा एक मोठा नकाशा भिंतीवर टांगलेला आहे. त्याच्या पश्चिम कडेने, अगदी समुद्राला चिकटून, तांबड्या शाईची एक वेडीवाकडी रेघ खालून वर गेलेली दिसते. गोव्याच्या उत्तर सरहद्दीवरील तेरेखोलपाशी ती सुरू होते आणि मुंबईसमोरच्या मांडव्यापाशी थांबते. रेघ विद्यार्थ्यांनी काढली. ती ज्या रस्त्यांवरून जाते त्या रस्त्यांवर सायकली आम्ही, म्हणजे शाळेतील तिघा शिक्षकांनी, चालविल्या. २०२२ सालच्या दिवाळीत आरंभ झाला आणि २०२४ सालच्या दिवाळीत शेवट. आमच्या मापकाप्रमाणे रस्ता साडेपाचशे किलोमीटरांच्या घरातला. एवढ्या अंतराला दोन वर्षे लागली हे ऐकून एका सहकाऱ्यांनी, "तुम्ही चालत गेला असतात तरी लौकर पोहोचला असतात," असा शेरा मारला. तो हिशेबाने खराच आहे. तथापि प्रवास टप्प्यांनी का केला, कसा केला, आणि शेवटच्या वर्षी वीस किलोमीटरांहूनही कमी रस्त्यासाठी आम्ही पुन्हा घराबाहेर का पडलो, हे विद्यार्थ्यांनी वारंवार विचारल्यामुळे ही हकीकत लिहून काढीत आहोत.

टप्प्यांचे पहिले कारण अगदी साधे होते. शिक्षकाला सलग रजा मिळते ती मे महिन्यात, आणि मे महिन्यात कोकणात सायकल चालविणे हा शरीराचा छळ आहे. पावसाळा तर त्याहून वाईट. रस्ते निसरडे होतात आणि मुंबई-मांडवा मार्गावरील लहान लाँची बंदच असतात. राहता राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. त्यांत दिवाळीची सुटी आणि नाताळची सुटी. घरची कामे, सणवार आणि उत्तरपत्रिका वजा जाता प्रत्येक सुटीत पाच-सहा दिवस हाती लागत. तेव्हा लांबचा पल्ला गाठायचा तर त्याचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. यातून एक नियम आम्ही स्वतःवर घालून घेतला : मागचा टप्पा ज्या ठिकाणी संपला त्याच ठिकाणी पुढचा येऊन मिळाला पाहिजे, मध्ये एक फर्लांगही सुटता कामा नये. नियम करताना तो आपल्याला इतका जाचेल असे कोणासही वाटले नव्हते.

पहिल्या टप्प्यात केरीच्या फेरीबोटीतून तेरेखोलची खाडी ओलांडली. उत्तर तीरावरचे तेरेखोल गाव आणि तेथील किल्ला गोव्यातच मोडतात; १९५४ साली १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी पोर्तुगीज अमलाखालच्या याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला होता. तेथून रेडी व शिरोडे. शिरोड्यास १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात तेथल्या शाळेत शिक्षक होते. त्या गावात आम्ही ठरविल्यापेक्षा एक तास अधिक रेंगाळलो. शिक्षकांनी रेंगाळावे असेच ते गाव आहे. पुढे वेंगुर्ले, मालवण, आचरे, कुणकेश्वर करीत पाचव्या दिवशी देवगडास पोहोचलो, आणि कणकवलीस जाऊन आगगाडीने घरी परतलो.

या पाच दिवसांत आमचे दोन गैरसमज दूर झाले. पहिला असा की, समुद्रकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता. नकाशावर पाहिले तर कोठेही घाट नाही, उंच डोंगर नाही. मग पाय का भरून येतात? याचे उत्तर जमिनीच्या घडणीत आहे. कोकणचा किनारा ही सलग पट्टी नव्हे. जांभ्या दगडाचे सपाट माथ्याचे पठार, ज्याला तिकडे सडा म्हणतात, ते समुद्रापर्यंत आलेले असते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी ते पूर्व-पश्चिम असे जागोजाग चिरलेले आहे. गावे बहुधा खाली, खाडीच्या वा पुळणीच्या काठी, माडांच्या सावलीत; रस्ता मात्र एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना सड्यावर चढतो, उन्हात दोनचार मैल भाजून काढतो आणि पुन्हा खाली उतरतो. चढ शंभर-दीडशे मीटरांचाच, पण दिवसातून सहा-सात वेळा. जिन्याची एकेक पायरी लहान असते म्हणून जिना लहान ठरत नाही, तसेच हे आहे.

येथे गिअरचा उपयोग कळतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी त्याचा हिशेब देतो. नेहमीच्या जुन्या सायकलीत पुढच्या दातेरी चक्राला ४४ आणि मागच्याला १८ दात असतील, तर पॅडल एकदा पुरते फिरले की मागचे चाक सुमारे २.४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम; चढावर मात्र तेवढे अंतर एका दमात उचलून न्यायला पाय तयार नसतात. पुढे २८ आणि मागे ३२ दात घेतले तर त्याच एका फेऱ्यात सायकल दोन मीटरांहूनही कमी पुढे सरकते. श्रम एकूण कमी होत नाहीत. ते लहान लहान हप्त्यांत फेडता येतात इतकेच. आमच्या चित्रकला-शिक्षकांची सायकल पहिल्या टप्प्यात बिनगिअरची होती. ते प्रत्येक सड्यावर ती हाताने ढकलीत नेत आणि वर पोहोचल्यावर, "पायी चालण्यानेच देश कळतो," असे आम्हांला ऐकवीत. दुसऱ्या टप्प्याआधी त्यांनी निमूटपणे गिअरची सायकल घेतली.

दुसरा गैरसमज वाऱ्याविषयीचा. सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे मंद वाहतो. नऊ-दहानंतर जमीन तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची थंड हवा आत येते. हे पुस्तकात आम्हीच शिकवितो. पण हिवाळ्यात कोकणावर हा दुपारचा वारा बहुतकरून वायव्येकडून येतो, आणि आम्ही उत्तरेकडे तोंड करून चाललो होतो! आचऱ्याच्या पुढे सड्यावर उतार असूनही पॅडल मारावे लागले तेव्हा या धड्याचा अर्थ पायांना समजला.

टप्प्यांनी प्रवास करण्याचा मोठा फायदा येथे ध्यानात आला. सलग जाणाऱ्याला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही. टप्प्यांनी जाणाऱ्याला ती सुटीगणिक बदलता येते. त्यानंतरचा प्रत्येक टप्पा आम्ही उलटा केला. म्हणजे आगगाडीने अगोदर उत्तरेस जावयाचे आणि वारा पाठीवर घेऊन दक्षिणेकडे, मागच्या टप्प्याच्या टोकापर्यंत, यावयाचे. २०२२ च्या नाताळात रत्नागिरीस उतरलो आणि पावस, पूर्णगड, कशेळी, जैतापूर या मार्गाने वाघोटण नदी ओलांडून देवगडास आलो. ज्या उपाहारगृहापाशी दिवाळीत मापकाचा आकडा टिपला होता तेथेच पुन्हा टिपला. मालकांनी ओळखले आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

आगगाडीतून सायकल नेण्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९९८ पासून कोकण रेल्वे अखंड धावू लागली आणि किनाऱ्याच्या कोणत्याही भागातून दिवसाभरात घरी येणे शक्य झाले; ती नसती तर आमचे टप्पे कागदावरच राहिले असते. मात्र सायकल डब्यात आपल्याजवळ ठेवता येत नाही. ती सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये द्यावी लागते; तिच्यावर नाव व गावाची चिठ्ठी घट्ट बांधावी; पंप, पाण्याची बाटली, दिवा काढून घ्यावे. लहान स्टेशनावर गाडी मिनिट-दोन मिनिटे थांबते, तेवढ्यात सायकली चढत-उतरत नाहीत. म्हणून टप्प्याची टोके ठरविताना समुद्र पाहण्यापूर्वी मोठे स्टेशन पाहावे.

तिसरा टप्पा, २०२३ च्या दिवाळीतला, हा सर्वांत रम्य आणि आमच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा. खेड स्टेशनावरून दापोलीमार्गे हर्णैस गेलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. तेथून मुरूड; महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. परीक्षेला बसण्यासाठी त्यांनी विद्यार्थिदशेत येथून पायी सातारा गाठला होता, हे आठवून आम्ही आपापल्या गिअरांकडे जरा ओशाळून पाहिले.

मुरुडाच्या पुढे दाभोळ येते आणि रस्ता संपतो. म्हणजे खरोखरच संपतो. समोर वाशिष्ठीची रुंद खाडी पसरलेली असते. पलीकडचे धोपावे डोळ्यांना दिसते, पण जमिनीवरून तेथे जायचे तर खेड, चिपळूण करीत शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो. फेरीबोट तेच अंतर काही मिनिटांत तोडते. अशा आणखी फेऱ्या या किनाऱ्यावर आहेत : शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ ते जयगड, सावित्रीवर वेशवी ते बागमांडला, राजपुरीच्या खाडीत दिघी ते आगरदांडा. मोटारी, फटफट्या, टोपल्या घेतलेल्या कोळिणी, शाळेची मुले आणि एखादी नवी नवरी असा सगळा संसार एका लोखंडी तराफ्यावर उभा असतो. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा होतो. तेथे सायकलीवर बसून उतरण्याचा पराक्रम कोणी करू नये. शेवटच्या फेरीची वेळ मात्र सकाळीच विचारून ठेवावी.

रेवस ते रेडी अशा सागरी महामार्गाच्या योजनेत या मोठ्या खाड्यांवर पूल योजिलेले आहेत. फेरीबोटी गेल्या तर आमच्यासारख्या प्रवाशांना हळहळ वाटेल. परंतु रात्री-अपरात्री आजारी माणसाला पैलतीरावरच्या रुग्णालयात न्यावे लागते त्याला फेरीबोटीचे काव्य दिसत नाही. त्याचे मत अगोदर घ्यावे, आमचे मागाहून.

खाडी ओलांडली की बोलीही बदलते. आमची घरची भाषा कोकणी. वेंगुर्ल्याच्या बाजारात, "मास्तरांनू, खंय चललात?" असे विचारले गेले तेव्हा घरीच असल्यासारखे वाटले. हा 'खंय' मालवण, देवगड येथवर आमच्या सोबतीला होता, रत्नागिरीच्या अलीकडे केव्हातरी तो कानांवर पडेनासा झाला, आणि गुहागरास तर, "कुठं निघालात?" असा सरळ प्रश्न आला. मोटारीतून जाणाऱ्याला एक बोली सुटून दुसरी लागलेली दिसते. सायकलीच्या गतीने गेले तर ती कोठेही तुटत नाही. एका गावात दोन शब्द गळतात, पुढल्या गावात एक नवा येतो. भाषेवरून भांडणाऱ्या थोरामोठ्यांनी हा रस्ता एकदा सायकलीने करावा असे आम्हांला फार वाटते.

आता त्या वीस किलोमीटरांविषयी. गुहागर, पालशेत, वेळणेश्वर करीत आम्ही हेदवीस आलो. तेथील बामणघळीत, खडकाच्या चिरेत, भरतीचे पाणी उसळते ते पाहण्यात वेळ गेला. निघालो तेव्हा उन्हे कलली होती. गावाबाहेरच्या उतारावर आमच्यापैकी एकाच्या मागच्या चाकाचे तीन स्पोक लागोपाठ तुटले आणि चाक वाकडे होऊन ब्रेकला घासू लागले. दोष आमचाच. कॅरिअरवर पुस्तके, मापाची फीत, भेटीदाखल मिळालेले नारळ असे पंधरा किलोंचे ओझे लादले होते. आठ किलोंवर जाऊ नये हे माहीत असून. जवळ जादा स्पोकही नव्हते. इतक्यात तवसाळच्या धक्क्याकडे जाणारा एक लहान टेंपो आला. चालकाने गाडी थांबविली, "शेवटची फेरी गाठून देतो," म्हणाला, आणि आम्ही तिघेही, तिन्ही सायकलींसह, ताडपत्रीखाली चढून बसलो. दोन सायकली धडधाकट होत्या, हे येथे सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी जयगडाहून एकजण एस. टी.ने रत्नागिरीस जाऊन चाक नीट करून घेऊन आला. तिसऱ्या दिवशी मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे या रस्त्याने रत्नागिरी गाठली आणि टप्पा पुरा झाला असे आम्ही म्हटले.

शाळा उघडल्यावर प्रार्थनेनंतर तसेच जाहीर केले. विद्यार्थ्यांनी नकाशावरील रेघ हर्णैपासून रत्नागिरीपर्यंत तांबड्या शाईने रंगविली. टेंपोचा उल्लेख आम्ही टाळला. मनाशी म्हटले, एवढ्याशा तुकड्याने काय बिघडते?

आठवीतील एक मुलगी त्या वेळी आमच्या टिपणांवरून रस्त्याच्या चढउतारांचा आलेख तयार करीत होती. एके दिवशी ती वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. "सर, हेदवीपासून तवसाळपर्यंत एकही चढ लिहिलेला नाही. तेवढाच रस्ता सपाट आहे का?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. "बघून सांगतो," असे काहीतरी उत्तर दिले. ती गेली, पण आलेखात तेवढी जागा तिने कोरीच ठेवली.

चार दिवस कोणीच तो विषय काढला नाही. पाचव्या दिवशी आम्ही तिघे भूगोलाच्या खोलीत जाऊन त्या वर्गासमोर उभे राहिलो आणि घडले ते सांगितले. वर्गात कोणी हसले नाही, हे अधिक अवघड गेले. शाई खोडता येईना, म्हणून त्या मुलीने पांढऱ्या कागदाची एक बारीक चिंधी कापून हेदवी-तवसाळच्या मध्ये रेघेवर चिकटविली.

चौथा टप्पा त्याच नाताळात झाला. मुंबईस भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने, जी २०२० साली सुरू झाली, मांडव्यास उतरलो. पुढे अलिबाग, रेवदंडा. कुंडलिकेचा पूल ओलांडून कोर्लईस गेलो. तेथील किल्ल्याखालच्या वस्तीतील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजपासून बनलेली एक बोली आजही बोलतात. तिला ती 'नोऊ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. पोर्तुगीज राज्य तेथून १७४० साली गेले. गोव्याच्या माणसाने ती बोली ऐकण्यासाठी तरी तेथवर जावे. मग मुरुड-जंजिरा, आगरदांड्याची फेरी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याची फेरी, वेळास, केळशी, आंजर्ले आणि हर्णै. सर्व कसे बिनबोभाट पार पडले. म्हणून त्याविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. हर्णैच्या बंदरावर आम्ही पेढे वाटले नाहीत. नकाशावर चिंधी होती.

२०२४ च्या दिवाळीत चिपळूणला उतरलो, सायकलीने गुहागरास मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हेदवी गाठली. या खेपेस प्रत्येकाचे ओझे वजनकाट्यावर तोलून घेतले होते, आणि सहा जादा स्पोक कागदात गुंडाळून बरोबर होते. ज्या उतारावर चाक मोडले तेथून मापक शून्यावर लावून निघालो. गेल्या वर्षी ताडपत्रीखालून यातले काहीच दिसले नव्हते. सड्यावर दवाने भिजलेले पिवळे गवत, एका बाजूस खोल खाली समुद्र, आणि रस्त्यात आडवी बसलेली गुरे. एका घराच्या अंगणात आजीबाईंनी पाणी दिले आणि विचारले, "काय कामाला आलात रे?" आम्ही सांगितले की, हा रस्ता मागे राहून गेला होता. "रस्ता कुठं जातोय," त्या म्हणाल्या, "इथंच तर आहे."

चढ मोजून वहीत लिहिले. रस्ता सपाट मुळीच नव्हता. तवसाळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा फेरीबोट नुकतीच सुटली होती. पुढची येईपर्यंत माडाखाली बसून आम्ही केळी खाल्ली.

सुटीनंतर ती मुलगी, आता नववीत, आकडे उतरवून घेण्यास आली. आलेखातील कोरी जागा तिने मधल्या सुटीत भरली. मग खुर्चीवर चढून नकाशावरची चिंधी नखाने हळूहळू सोलून काढली. खाली जुनी तांबडी रेघ होतीच, डिंकाने जरा फिकटलेली. तिने दौत मागितली, तीवरून पुन्हा एकदा रेघ ओढली आणि बाजूला समुद्राच्या निळ्या भागात बारीक अक्षरांत तारीख घातली.